गुडघ्यात डोकं

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? बरं. तो पंखा जरा बारीक करा कोणीतरी, माझे कागद उडतायत.

विषय तुम्ही बाहेर फळ्यावर वाचलाच असेल, मध्ययुगातले ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान साधक आणि त्यांच्या प्रार्थनेतल्या सामाईक गोष्टी. हा विषय पाऊण तासात मावणारा नाही, म्हणून मी तो एका बैठकीवर आणून ठेवलाय. बैठक म्हणजे गाण्याची नव्हे हं, बसायची तऱ्हा. जमिनीवर बसायचं, गुडघे उभे करून पोटाशी घ्यायचे आणि दोन गुडघ्यांच्या मधे डोकं घालायचं. एवढंच. आपल्याकडे घरात कोणी असं बसलेलं दिसलं की लगेच "काय झालं, कोणी काही बोललं का" सुरू होतं. माझी आजी तर तिन्हीसांजेला असं बसूच द्यायची नाही, दंडाला धरून उठवायची, लक्ष्मी यायच्या वेळेला काय गुडघ्यात डोकं घालून बसलीस म्हणायची. आणि ज्याची अक्कल गुडघ्यात असते त्याला आपण काय म्हणतो ते मी सांगायला नको. पण हजार-आठशे वर्षांपूर्वी बगदादपासून थेट ग्रीसच्या आथोस डोंगरापर्यंत लोक देवापाशी जायला असेच बसत होते.

मूळ गोष्ट आहे एलीयाची. बायबलच्या जुन्या करारात, राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे. देशात दुष्काळ पडलाय, वर्षांमागून वर्षं पाऊस नाही. एलीया कर्मेल डोंगराच्या माथ्यावर चढतो, जमिनीशी वाकतो आणि तोंड गुडघ्यांमधे घालतो. चाकराला सांगतो, जा, समुद्राकडे बघून ये. चाकर येऊन म्हणतो काही नाही. परत जा. असं सात वेळा. सातव्या वेळी तो येऊन सांगतो की माणसाच्या तळहाताएवढा ढग दिसतोय समुद्रावर. मग पाऊस येतो, धो धो. आता या सगळ्या वेळात एलीया काय म्हणत होता, कुठला मंत्र, कुठले शब्द, ते पुस्तकात नाही. फक्त तो कसा बसला होता ते आहे. माझ्या दृष्टीने आजचं सगळं व्याख्यान या एका गोष्टीत आहे, शब्द गेले आणि बसणं राहिलं.

एलीया तसा आपल्याला परका नाही बरं का. कोकणातले बेने इस्राएल लोक एलियाहू हन्नाबीला किती मानतात ते रायगडकडच्या मंडळींना माहिती असेल, अलिबागजवळच्या खंडाळ्याला खडकावर त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात आणि त्याच्या नावानं मलिदा करतात, पोहे, गूळ-साखर, खोबरं, फळं. मुसलमानांचा तो इलियास पैगंबर, कुराणात त्याचं नाव आहे. आणि ख्रिस्ती संन्याशांचा तो आदिपुरुष. म्हणजे एकच माणूस तीन घरांत राहतो.

ज्यूंच्या तालमूदमधे, म्हणजे त्यांच्या धर्मचर्चेच्या मोठ्या ग्रंथात, या बसण्याची फार गोड गोष्ट आहे. योहानान बेन झक्काई म्हणजे त्या काळातला सगळ्यात मोठा पंडित. त्याचा मुलगा आजारी पडला. तिथं हनीना बेन दोसा म्हणून एक गरीब साधा माणूस शिकायला आलेला, त्याला म्हणाले बाबा तू प्रार्थना कर. त्यानं गुडघ्यात डोकं घातलं, प्रार्थना केली, मुलगा वाचला. तर योहानान म्हणतो, मी दिवसभर गुडघ्यात डोकं घालून बसलो असतो तरी वर कोणी दखल घेतली नसती. त्यावर त्याची बायको विचारते, म्हणजे हनीना तुमच्यापेक्षा मोठा? बायको विचारणारच. तो म्हणतो, नाही गं, तो राजाच्या घरातल्या गड्यासारखा आहे आणि मी दरबारातल्या सरदारासारखा. म्हणजे काय, तर गडी कधीही आत-बाहेर करतो, सरदाराला वर्दी द्यावी लागते. ही बैठक गड्याची आहे हे लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

पुढे बगदादमधे हाय गाओन होऊन गेला, १०३८ साली वारला, ज्यूंचा त्या काळचा सर्वोच्च धर्माधिकारी. त्याला कोणीतरी विचारलं की हे गूढवादी लोक स्वर्गातले महाल बघतात म्हणतात ते कसं. त्यानं लिहून कळवलं की माणसानं इतके इतके दिवस उपास करावेत, डोकं गुडघ्यांत घालावं आणि जमिनीकडे तोंड करून परंपरेनं आलेली स्तोत्रं हळू आवाजात म्हणावीत. आणि त्याच मुलखात त्याच्या आधीपासून सूफी मंडळी बसलेली होती. फारसी चित्रांत तो फकीर तुम्ही पाहिला असेल, अंगावर गोधडीसारखा झगा आणि डोकं गुडघ्यावर टेकलेलं, मुघल चित्रांतही येतो तो. गझाली, मुसलमानांचा मोठा धर्मपंडित, जो ११११ साली गेला, तो तर स्पष्ट लिहितो की ध्यानाला अंधारी खोली बघा, ती नसेल तर डोकं कपड्यात गुंडाळून घ्या, कारण पैगंबरांना हाक आली तेव्हा तेही पांघरूण गुंडाळूनच बसले होते. आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. शिबली नावाचा सूफी नूरी नावाच्या सूफीकडे गेला. नूरी इतका स्थिर बसलेला की केस हलत नाही. शिबलीनं विचारलं, असं बसायला कोणाकडून शिकलास? नूरी म्हणाला, आमच्याकडे एक मांजर होतं, ते उंदराच्या बिळापाशी असंच बसायचं. मला ही गोष्ट इतकी आवडते की आमच्या सोसायटीतलं मांजर पार्किंगमधे दबा धरून बसलं की मी थांबून बघते.

बरं, आता माझी एक तक्रार ऐका, कारण त्याशिवाय मी हे सगळं का सांगतेय ते कळणार नाही. मागे एका ठिकाणी याच विषयावर बोलायला बोलावलं होतं, गाव आणि संस्था राहू दे. मी नाव दिलं होतं "प्रार्थनेच्या बैठका." जाऊन बघते तर मागे भलामोठा फ्लेक्स, त्यावर "सर्व धर्म एकच," आणि खाली चार-पाच धर्मांची चिन्हं गोल करून. मी म्हटलं अहो हे मी बोलणार नाहीये. ते म्हणाले मॅडम अर्थ तोच ना. दीड तास बोलले, अगदी कागद दाखवून, आणि आभाराच्या भाषणात ते गृहस्थ म्हणाले, ताईंनी सिद्ध केलं की सगळं एकच आहे. आणि खाली उतरते तर दुसरे एक काका वाट बघत उभे, म्हणजे यांनी त्यांचं चोरलं असंच ना शेवटी? कोणी कोणाचं चोरलं ते नीट सांगा ना, मोबाइलवर टाकायचंय. मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण ज्या माणसांबद्दल मी बोलत होते त्यांना ही दोन्ही उत्तरं ऐकवली असती तर ती पोटतिडकीनं भांडली असती. त्यांना सगळं एकच वाटत नव्हतंच, स्वतःच्या धर्मासाठी ती जीव टाकत होती. आणि चोरल्याची भावना तर बिलकुल नव्हती. त्यांचं म्हणणं तिसरंच होतं, आणि ते एका माणसानं लिहून ठेवलंय, म्हणून आपण आता कैरोला जाऊ.

कैरोच्या जुन्या भागाला फुस्तात म्हणतात. तिथं बेन एझ्रा नावाचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर आहे. ज्यूंचा नेम असा की ज्या कागदावर देवाचं नाव लिहिलंय तो फाडायचा-जाळायचा नाही. फुस्तातच्या लोकांनी हा नेम इतका पाळला की हिब्रू अक्षर दिसलं की कागद उचलून सिनेगॉगच्या कोठीत टाकायचा, मग ते स्तोत्र असो नाहीतर वाण्याची यादी. आपणही पंचांग रद्दीत टाकत नाही, नदीत नाहीतर झाडाखाली ठेवतो, तसंच ते. या कोठीला म्हणतात गेनिझा. शेकडो वर्षं कागद साठत गेले, इजिप्तची हवा कोरडी, कुजले नाहीत. १८९६ मधे लुईस आणि गिब्सन या दोन जुळ्या स्कॉटिश बहिणींनी आणलेलं एक पान केंब्रिजच्या सोलोमन शेख्टर यांनी बघितलं आणि ते त्याच वर्षाच्या शेवटाला कैरोला जाऊन पोत्यांनी कागद घेऊन आले. आज एकट्या केंब्रिजच्या त्या संग्रहात जवळपास १,९३,००० तुकडे आहेत. त्यात आपलं ठाणंसुद्धा आहे हो, खरंच. महरूज नावाचा एक व्यापारी आपल्या मेव्हण्याला लिहितो की तुमच्या जहाजाला चाच्यांनी गाठलं असं ऐकलं, तर पैसे लागले तर नाखुदा तिंबूकडून घ्या, तो ठाण्यात असतो, आमचं अगदी भावाचं नातं आहे. अरबी भाषा, अक्षरं हिब्रू, आणि मजकूर ठाण्याचा. मी ठाण्यातच वाढले त्यामुळे ते पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

तर या फुस्तातमधे बाराव्या शतकात मूसा बिन मैमून राहायला आला, ज्याला युरोपात मैमोनिदीस म्हणतात, ज्यूंचा सगळ्यात मोठा तत्त्वज्ञ आणि वैद्य. त्याचा धाकटा भाऊ दाऊद हिंदुस्थानच्या व्यापाराला निघाला आणि आपल्याच या समुद्रात बुडाला, त्या धक्क्यानं मूसा वर्षभर अंथरुणाला खिळला होता. या मूसाचा मुलगा अब्राहम. जन्म ११८६. १२०४ मधे वडील गेले आणि अठरा वर्षांच्या आसपासच हा पोरगा इजिप्तमधल्या सगळ्या ज्यूंचा प्रमुख झाला. शिवाय वैद्य. त्याच्याबरोबर कैरोच्या दवाखान्यात काम केलेल्या इब्न अबी उसैबिआ नावाच्या मुसलमान वैद्यानं लिहून ठेवलंय की उंच, सडपातळ, बोलायला फार गोड माणूस. सुलतान अल-कामिलचाही तो वैद्य. आता अल-कामिल म्हटलं की एक आठवतं, १२१९ मधे क्रुसेडची, म्हणजे ख्रिस्ती-मुसलमानांच्या धर्मयुद्धाची लढाई चालू असताना दमिएत्ताला असिसीचा संत फ्रान्सिस याच अल-कामिलला भेटायला शत्रूच्या छावणीत गेला होता. परत आल्यावर फ्रान्सिसनं राज्यकर्त्यांना पत्र लिहिलं की रोज संध्याकाळी दवंडीनं किंवा कुठल्यातरी खुणेनं सगळ्या लोकांना देवाचं स्तवन करायला सांगत जा. बऱ्याच अभ्यासकांना त्यात अजानची आठवण दिसते. मलाही दिसते. असो, अब्राहम.

अब्राहमला एकच दुःख होतं. तो सिनेगॉगमधे बघायचा तर लोक भिंतीला गाद्या-तक्के लावून रेलून बसलेले, गप्पा चाललेल्या, कोणाचं तोंड कुठं, कोणाचं कुठं. आणि बाहेर मशिदीत बघावं तर लोक पाय धुऊन आत जातायत, रांगेत उभे राहतायत, एका दिशेला तोंड करून कपाळ जमिनीला लावतायत. शेजारच्या सूफींच्या मठात तर रात्र-रात्र नामस्मरण. त्यानं आपल्या माणसांना सांगायला सुरुवात केली की प्रार्थनेआधी हातांबरोबर पायही धुवा, रांगेत बसा, जेरुसलेमकडे तोंड करून बसा, गुडघ्यांवर बसा, हात वर पसरा, आणि ठरलेल्या जागी पूर्ण दंडवत घाला. त्यावर "किफायत अल-आबिदीन" नावाचा भलाथोरला ग्रंथच लिहिला अरबीत, म्हणजे उपासना करणाऱ्याला पुरेल एवढं.

लोक खवळले. खवळणारच, म्हणाले हा आपल्याला मुसलमानांसारखं वागायला लावतोय. आणि त्यांनी तक्रार कोणाकडे केली? सुलतानाकडे, अल-आदिलकडे, सलाहुद्दीनच्या भावाकडे! म्हणजे ज्यू मुसलमान सुलतानाकडे जाऊन सांगतायत की आमचा प्रमुख आम्हाला मुसलमानांसारखी प्रार्थना करायला लावतोय, थांबवा त्याला. यात कायद्याची मेख अशी की ज्यू-ख्रिस्त्यांना त्यांचा धर्म पाळायची मुभा होती पण जसा चालत आलाय तसाच, नवीन काही घुसवलं तर ते संरक्षणात बसत नव्हतं. अब्राहमनं उत्तर दिलं, सुमारे २०० माणसांच्या सह्यांनिशी, की मी कोणावर सक्ती केलेली नाही, हे सगळं माझ्या घरातल्या प्रार्थनेच्या जागेत चालतं.

पण खरं उत्तर ग्रंथात आहे आणि त्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं. तो म्हणतो, सूफींशी केलेली तुलना वावगी समजू नका, कारण सूफी आपल्या संदेष्ट्यांच्या पावलावर पाऊल ठेवून चाललेत, संदेष्टे सूफींच्या मागे गेलेले नाहीत. बघा, तो म्हणतो, पीर आपल्या मुरीदाच्या, म्हणजे शिष्याच्या अंगावर झगा घालतो ना, मग एलीयानं आपला शिष्य अलीशा याच्या अंगावर झगा टाकला होता ते काय होतं? हे आपलं होतं, आपल्या पापांमुळे आपल्याकडून गेलं आणि यांच्याकडे राहिलं, याचं रडू यायला हवं. म्हणजे कळलं का, तो शेजाऱ्याच्या घरी गेला, तिथं त्याला स्वतःच्या आजोबांचं भांडं दिसलं. शेजाऱ्यानं ते घासूनपुसून रोज वापरात ठेवलेलं. तो शेजाऱ्याला चोर म्हणत नाही, उलट त्यानं जपलं म्हणतो, पण भांडं आमचं आहे हे मात्र ठासून सांगतो. इतिहास म्हणून त्याचं म्हणणं किती टिकेल हा वेगळा मुद्दा. मला एवढंच सांगायचंय की दुसऱ्याचं बसणं-वाकणं उचलताना माणसाला आधी ते आपल्या पोथीत सापडावं लागतं, तरच त्याचे गुडघे वाकतात.

आता त्याच कोठीतलं एक पत्र. हे मी प्रत्येक व्याख्यानात सांगते आणि आजही सांगणार. चौदाव्या शतकातलं, अब्राहमच्या नंतर शंभरेक वर्षांनी. गोइटाइन नावाच्या विद्वानांनी १९५० च्या दशकात प्रसिद्ध केलं, या गेनिझाच्या कागदांवर त्यांनी सगळं आयुष्य घातलं. पत्र एका बाईचं आहे. ती स्वतःला बसीरची बायको म्हणवते, आणि बसीर काय करायचा, तर घंट्या, घुंगरं बनवायचा. आपला तांबट आळीतला कारागीर डोळ्यांसमोर आणा. पत्र लिहिलंय नगीद दाऊदला, म्हणजे तेव्हाच्या ज्यूंच्या प्रमुखाला. ती म्हणते, माझा नवरा डोंगरावर जाऊन बसलाय. कैरोच्या अंगावर मुकत्तम डोंगर आहे, तिथं अल-कूरानी नावाच्या सूफी शेखाची वस्ती होती. हा त्याच्या नादी लागला. ती म्हणते, तिथं तोरा, म्हणजे आपला धर्मग्रंथ नाही, प्रार्थना नाही, देवाचं नाव खरेपणानं कोणी घेत नाही, हा त्या फकिरांत मिसळतो, त्यांच्याकडे धर्माचं वरचं सोंग आहे, आतला गर नाही. मला भीती वाटते की तिथं एखादा वाईट माणूस भेटेल आणि याला धर्म सोडायला लावेल आणि हा माझी तीन मुलंही बरोबर नेईल. मी एकटी पडलेय, मुलांच्या तोंडात काय घालू या वणवणीत माझा जीव चाललाय. तर महाराजांनी त्याला समजवावं, डोंगरावर जाणं बंद करावं, त्यानं सिनेगॉगमधे प्रार्थनेला यावं आणि घराकडे बघावं.

मी हे पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पूर्णपणे बसीरच्या बाजूची होते. बिचारा दिवसभर घुंगरं ठोकणारा माणूस, त्याला डोंगरावर शांतता मिळाली असेल, जाऊ दे की त्याला, असं वाटलं. मग माझ्या घरात एक आजारपण आलं, सगळं घर एका माणसावर पडणं म्हणजे काय ते कळलं, आणि नंतर परत वाचलं तर मी बाईच्या बाजूची झाले. आपल्याकडे काय कमी बायका आहेत अशा, ज्यांचे नवरे देव-देव करत गेले आणि दळण-कांडण यांच्या गळ्यात राहिलं? संतांच्या गोष्टीत घरची बाई नेहमी कजाग दाखवतात. या कोठीनं आपल्याला त्या बाईची बाजू तिच्याच शब्दांत दिली. आणि अजून एक, ज्या नगीद दाऊदकडे ती सूफींची तक्रार घेऊन गेली तो दाऊद अब्राहमच्याच वंशातला, खापरपणतूच्या आसपासचा, आणि तो स्वतः सूफी ग्रंथ वाचणारा, त्यांच्या नकला करून ठेवणारा, एकांतवासाच्या साधनेवर पुस्तक लिहिणारा! म्हणजे बाई ज्याच्याकडे दाद मागतेय त्याच्या टेबलावर त्याच डोंगराची पुस्तकं पडलेली आहेत. तो माणूस ते पत्र हातात घेऊन काय विचार करत बसला असेल. त्याच्या घराण्यानं चार पिढ्या हेच सांगितलेलं, की ते भांडं आपलं आहे, आपल्या घरात आणून वापरा. आणि हा घुंगरूवाला भांडं घरी आणायच्या ऐवजी स्वतःच शेजाऱ्याकडे राहायला गेला. बाईला हा फरक बरोबर कळला होता. तिची तक्रार ध्यान करतो ही नाहीच, ती म्हणते आपल्या सिनेगॉगमधे ये, तीन मुलांच्या बापानं घरी ये.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. आणि मी अजून आथोसला पोचले नाही. बरं, भरभर सांगते, पण सोडणार नाही, कारण गुडघ्याचा खरा मुद्दा तिथं आहे.

तीन ठिकाणी तीन माणसं साधारण एकाच काळात श्वासाबद्दल लिहितायत. एक, इब्न अता अल्लाह, सूफी, मूळचा अलेक्झांड्रियाचा, १३०९ मधे कैरोत वारला आणि त्याची कबर त्याच मुकत्तमच्या पायथ्याशी आहे. तो जिक्र, म्हणजे नामस्मरण, कसा करायचा ते सांगतो: ला इलाहा म्हणताना शब्द बेंबीच्या वरून उचलायचा आणि हृदयात देवाशिवाय जे जे आहे ते बाहेर काढायचं, आणि इल्लल्लाह म्हणताना तो शब्द हृदयात नेऊन पोचवायचा, अगदी छातीतल्या मांसाच्या हृदयात. दोन, अब्राहम अबुलाफिया, ज्यू, १२४० मधे स्पेनमधल्या सारागोसात जन्मलेला. हा देवाच्या नावाची अक्षरं एकेक करून म्हणायचा, प्रत्येक अक्षराला मोजून श्वास, आणि स्वराप्रमाणे डोकं हलवायचं. हिब्रूत ओ-चा टिंब अक्षराच्या वर असतो, म्हणून ओ म्हणताना डोकं वर न्यायचं, इ-चा टिंब खाली असतो, म्हणून इ म्हणताना खाली. म्हणजे वेलांटी-मात्रा मानेनं लिहायच्या. हा माणूस १२८० मधे खुद्द पोपला भेटायला निघाला, पोपनं सांगून ठेवलेलं की आला तर जाळा, आणि हा पोचतो तर पोपच आदल्या रात्री मेलेला, मग फ्रान्सिसच्या पंथातल्या लोकांनी याला २८ दिवस डांबून ठेवलं आणि सोडून दिलं, ते सगळं सांगायला आज वेळ नाही. वेळ नाही म्हणून रामोन लुल पण राहिला, मायोर्काचा ख्रिस्ती, अरबी शिकला, अल्लाच्या नावांसारखी देवाची शंभर नावं गुंफली, आणि बार हेब्रेयस, सिरियाक चर्चचा धर्मगुरू, १२८६ मधे गेला, त्यानं आपल्या साधूंसाठी पुस्तक लिहिताना गझालीचा मोठा आधार घेतला, सरळ.

तीन, आथोस, ग्रीसमधला ख्रिस्ती संन्याशांच्या मठांचा डोंगर. तेराव्या शतकातला निकेफोरस नावाचा संन्यासी लिहितो की खोलीत बस, मन गोळा कर, नाकातून आत जाणाऱ्या श्वासाच्या वाटेला लाव आणि त्याच्याबरोबर हृदयात ढकल, आणि तिथं सतत म्हणत राहा: प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा, माझ्यावर दया कर. त्याच काळातल्या दुसऱ्या एका पुस्तिकेत हनुवटी छातीला लावून नजर बेंबीकडे न्यायला सांगितलंय. मग इटलीहून आलेला बारलाम म्हणून एक विद्वान या साधूंवर तुटून पडला. त्यांना नावच ठेवलं, बेंबीत आत्मा असलेले लोक. शिकलेल्या माणसाला अशा बसण्याची लाज वाटते, तुम्ही सरदार आणि गडी आठवा. आथोसच्या बाजूनं उभा राहिला ग्रेगरी पालामास, जन्म १२९६. प्रकरण कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेपर्यंत गेलं, १३४१ मधे बारलाम हरला. आणि पालामासनं त्या वादात साक्षीला कोणाला काढलं माहितीय? एलीयाला! त्यानं लिहिलं की देव पाहिलेल्यांत सगळ्यात पूर्ण असा एलीया, त्यानं डोकं गुडघ्यांवर ठेवलं, मन कष्टानं आत गोळा केलं आणि वर्षांचा दुष्काळ संपवला, मग आमच्या साधूंना काय हसता? बगदादचा हाय गाओन, कैरोचा अब्राहम आणि हा ग्रीक, तिघं एकमेकांना ओळखत नव्हते. अब्राहमनं झगा सिद्ध करायला एलीया काढला, यानं गुडघा सिद्ध करायला काढला. डोळ्यांपुढे शेजारी होतेच, पालामास तर १३५४ मधे तुर्कांच्या हाती सापडून वर्षभर त्यांच्यात राहिला, त्यांच्याशी धर्मावर चर्चा करत. पण आधार प्रत्येकानं आपल्या पोथीतूनच काढला आणि म्हणून मला तो फ्लेक्स सहन होत नाही आणि ते मोबाइलवाले काकाही. फ्लेक्सवाल्यांनी पोथ्या पुसून टाकल्या आणि काकांनी शेजारी पुसून टाकला.

हो, दोन मिनिटं, संपवते. निकेफोरसचं एक वाक्य तेवढं सांगू द्या, कारण ते मला बसीरच्या बायकोच्या पत्राशेजारीच ठेवावंसं वाटतं. मन श्वासाबरोबर हृदयात उतरलं की कसं वाटतं ते सांगताना हा ब्रह्मचारी साधू उपमा कशाची देतो, तर म्हणतो, खूप दिवस परगावी असलेला माणूस घरी परत येतो आणि बायको-मुलं दिसल्यावर आनंदानं त्याला काय करू न् काय नको होतं, तसं. डोंगरावर बसलेल्या एका साधूला देव भेटल्याचा आनंद सांगायला हेच सुचलं. आणि मुकत्तमच्या खाली, तीन मुलं घेऊन बसलेल्या त्या बाईनं नगीदकडे अगदी हेच मागितलं होतं.

प्रश्न असतील तर घेऊ. माइक त्या मागच्या ताईंना द्या आधी, त्यांचा हात मघापासून वर आहे.